एक वैनी, चटणी कमी

अहो,

एवढं लिहिलं आणि कितीतरी वेळ नुसतीच बसले. शाळेत पत्रलेखन होतं, पण त्यात वडिलांना पत्र, मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज आणि पुस्तकं मागवण्याचं पत्र, एवढंच. गेलेल्या नवऱ्याला मायना काय लिहायचा, हे मॅट्रिकपर्यंत कुणी सांगितलं नाही. 'प्रिय' लिहावं, तर तुमच्या हयातीत कधी म्हटलं नाही. आता म्हटलं तर तुम्हीच दचकाल. म्हणून आपलं 'अहो'. या हाकेला तुम्ही पेपर वाचतानाही मान वर करायचात.

कागद गेल्या वर्षीच्या हिशेबाच्या वहीतले मागचे कोरे आहेत. नवीन आणलेले नाहीत, काळजी नसावी.

लिहायचं कारण असं, की काल एकादशी होती, आणि तुम्ही आयुष्यभर माझ्याशी केवढी लबाडी केलीत ते काल मला कळलं. मला भांडायचं आहे. आधी फोटोशी भांडून बघितलं. फोटो नुसता हसतो. जिवंतपणीही तुम्ही तेच करायचात. म्हणून आता लेखी.

पण त्याआधी तुमच्या गुलबहार हॉटेलची खबर सांगते, नाहीतर तुमचं लक्ष लागायचं नाही.

गुलबहार पाडलं नाही हो! तुमच्या डोळ्यांदेखत त्याला कुलूप लागलं, तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखे तुम्ही जेवायचे थांबला होतात. आता तिथं मॉल येणार, असं सगळी निगडी बोलत होती. पण गोऱ्या साहेबांच्या वेळची दगडी इमारत, जुन्या हायवेवर तशी दुसरी उरलेली नाही, म्हणून ती राखायची ठरली, आणि तिथं कलाकेंद्र झालं. तुमच्या जेवणाच्या हॉलमध्ये नाटकाच्या तालमी असतात. मुदपाकखान्यात पोरं चित्रं काढतात. वरच्या खोल्यांत कथक चालतं. आणि तुमची ती परमिट रूम? ती आता 'कक्ष तीन' आहे.

पाटी मात्र तीच ठेवलीय, पिसारा फुलवलेल्या मोराची. ऐतिहासिक आहे म्हणे. मोठ्या अक्षरात 'हॉटेल गुलबहार' आणि खाली बारीक अक्षरात 'कलाकेंद्र'. चालत्या गाडीवरून बारीक अक्षर कोण वाचतो? रोज कुणीतरी आत शिरतं आणि टेबल शोधतं. कथकच्या बाईंना एकाने विचारलं, "मॅडम, लॉजिंगची सोय आहे का?" चित्रांच्या वर्गात एक अख्खं कुटुंब हात धुऊन येऊन बसलं आणि मास्तरांना म्हणालं, "भाऊ, आधी पाणी सांगा."

आता तुम्ही विचाराल, तुला हे सगळं कसं ठाऊक? तू तर त्या बाजूला तोंडही करत नव्हतीस!

तेच सांगते.

आमच्या देवळाच्या सभामंडपाची दुरुस्ती निघाली आणि भजनी मंडळ रस्त्यावर आलं. काही दिवस शकुंतलाच्या फ्लॅटमध्ये बसलो. शकुंतला म्हणजे आपली पेटीवाली, तिला तुम्ही 'भाता' म्हणायचात. तिच्या खालच्या मजल्यावर एक रात्रपाळीवाला राहतो. तो बिचारा दुपारी झोपतो आणि आम्ही नेमके दुपारी टाळ कुटतो. तो वर आला आणि हात जोडून म्हणाला, "काकू, देवाला ऐकू जातंय, खात्रीने सांगतो. कारण मला जातंय." मग पार्किंगमध्ये बसलो. तिथं गाड्या. मंडळ मोडायच्या बेतात आलं होतं.

तेवढ्यात शकुंतलानेच शोध लावला, की कलाकेंद्रात गुरुवारी दुपारी जागा मिळते. फुकट! 'फुकट' ऐकून मी अर्ज भरला, मंडळाची प्रमुख म्हणून सहीही केली. नंतर कळलं कुठलं केंद्र आणि कुठला कक्ष. माळकरी बायका आणि परमिट रूम! विठ्ठलाने तरी अशी थट्टा करावी का?

तुम्हाला माझी शपथ आठवते ना? न आठवून सांगता कुणाला! आपलं लग्न ठरवताना मध्यस्थ म्हणाला होता, "मुलगा देहूरोडजवळ कॅप्टन आहे." माझ्या बाबांनी चाकणभर सांगितलं, जावई मिलिटरीत आहे. लग्न होऊन आले तेव्हा कळलं, की जावई वेटरांचे कॅप्टन आहेत. ते एक वेळ सोसलं. पण पहिल्याच आठवड्यात तुम्ही घरात आलात, तुमच्या आधी खिम्याचा वास आत आला, आणि मी देवापुढं उभी राहून म्हटलं, "त्या हॉटेलच्या उंबऱ्याला माझा पाय लागणार नाही."

तुम्ही काय म्हणालात? "उंबरा सागवानी आहे, पाय लागला नाही तर जास्त टिकेल."

शपथ घ्यावी ती अशा माणसासमोर!

मग मागच्या दारी बादली आली. रोज घरात शिरायच्या आधी तिथं अंघोळ. थंडीतसुद्धा तुम्ही कुरकुरला नाहीत. दरवर्षी हॉटेलच्या वर्धापनदिनाला सगळ्यांच्या बायका नटूनथटून जायच्या आणि तुम्ही मला विचारायचात, "या वर्षी येतेस का? आत नको येऊस. बाहेरूनच बघ. निदान कोटातला मी कसा दिसतो ते तरी बघ." मी म्हणायची, "कोट घरी घालून दाखवा." तुम्ही म्हणायचात, "कोट हॉटेलचा आहे गं, घरात कसा शोभेल?" असं करता करता राहिलंच ते.

कुलूप लागलं त्या दिवशी तुम्ही कोट घरी आणलात. लाल, पितळी बटणांचा. तो टाकवेना मला. चांगलं जाड कापड. घडी घालून त्याचं बसकर केलंय. रागावू नका, नवीन बसकरं काय भावाने मिळतात ते बाजारात जाऊन बघा.

तर प्रश्न पडला शपथेचा. आमच्या कीर्तनकार बुवांना विचारलं. बुवा म्हणाले, "माई, शपथ हॉटेलची होती का? हॉटेल तर आता राहिलं नाही."

मी म्हटलं, "शपथ उंबऱ्याची होती."

बुवांनी उपरण्याने तोंड पुसलं. "मग अवघड आहे," म्हणाले.

यावर मी तोड काढली. कक्ष तीनच्या खिडकीखाली, बाहेर आंब्याच्या सावलीत एक लाकडी बाक आहे. लांबलचक, जाडजूड. बायकांनी आत बसायचं, मी बाहेर बाकावर. कोट पसरायचा, वर मांडी घालायची आणि खिडकीतून अभंग उचलायचा. दाराकडे बघायचंसुद्धा नाही. शपथ मोडायला नजरही पुरते, असं माझं मत.

झालं, गुरुवारमागून गुरुवार असेच गेले. मला वाटत होतं, छान चाललंय. पण गेल्या गुरुवारी शकुंतला खिडकीत आली.

"सुमनताई, तुम्ही बाहेरून सूर लावता, तो आत येईपर्यंत हायवेवरच्या हॉर्नमध्ये मिसळतो. आज अर्धा अभंग आम्ही ट्रकच्या मागं गायलो."

"मग ट्रक सुरात होता म्हणायचा," मी म्हटलं.

"विनोद नका करू. नवऱ्यावर गेलात अगदी."

तिच्या मागून मृणाल आली. केंद्राचं सगळं ती बघते. केस बारीक कापलेले, पण वाकून नमस्कार करते. "काकू, रूल आहे हो. ग्रुप लीडर रूममध्ये प्रेझेंट पाहिजे. मी इतके दिवस खिडकीतून प्रेझेंट धरलं तुम्हाला. वरून विचारणा झाली. पुढच्या गुरुवारी तुम्ही आत नसाल, तर हा स्लॉट झुंबाला जाईल."

"आणि आम्ही?"

"वेटिंगवर."

या वयात वेटिंग! आमच्यातल्या निम्म्या बायकांना वरून बोलावणं येईल, पण कक्ष मिळायचा नाही. शकुंतला एवढंच म्हणाली, "देवळाचं काम संपेपर्यंत मंडळ टिकलं पाहिजे, ताई. एकदा बायका घरी बसल्या की बसल्या. मग सीरियल जिंकतात." तिचे डोळे भरले होते. मी आठवडाभर देवापुढं बसले. देव काही बोलेना. शपथ त्याच्यासमोर घेतलेली, तो तरी काय बोलणार!

आणि काल तो गुरुवार उजाडला. त्यात एकादशी. मी आपली नेहमीसारखी बाकावर. आत बायका टाळ घेऊन तयार. मृणाल रजिस्टर घेऊन खिडकीत. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे आणि माझं लक्ष आंब्याकडे.

तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारबाबा आले. पांढरं धोतर, कपाळाला बुक्का. येऊन सरळ माझ्या शेजारी बाकावर बसले.

"राम कृष्ण हरी, माउली. थाळी सुरू झाली का?"

"थाळी नाही हो बाबा. इथं आता गाणं-नाटक असतं."

"ते ब्येस हाय. पन जेवान?"

"जेवण बंद झालं."

"पाटी तर हाय."

"पाटी ऐतिहासिक आहे."

"आन् भूक?"

एकादशीच्या दिवशी दारात आलेलं उपाशी माणूस! पिशवीत माझा फराळाचा डबा होता. तोच त्यांच्यापुढं उघडून ठेवला. दोघांत खाऊ, असा बेत होता.

त्यांनी खिचडीचा एक घास घेतला आणि थांबले. दुसरा घेतला. मग डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग मान वाकडी करून माझ्या मांडीखाली बघायला लागले. मी पदर सावरला.

"ही बटनं... ह्यो कॅप्टनचा कोट न्हवं?"

"हो. माझे मालक."

"मंजी तुमी वैनी? थाळीवाल्या वैनी?"

आता सांगा, कुठली थाळी आणि कुठली वैनी? मला वाटलं, उन्हाने बाबांना चक्कर आली. तर ते हसायलाच लागले.

ज्ञानोबा तात्या नाव त्यांचं. महाळुंग्याचे. तुम्हाला नक्की आठवत असतील. तेव्हा कांदा पिकवायचे, आता त्या जमिनीवर कंपनी आहे आणि नातू त्याच कंपनीत शिफ्टला जातो. दर एकादशीला देहूला जायचं आणि मग निगडीत दिलेल्या लेकीकडे, असा त्यांचा नेम. त्या वाटेवर गुलबहार. मध्ये गुडघ्याने नेम मोडला होता. काल पुन्हा बाहेर पडले, तर पाटी दिसली.

"आमी माळकरी मानसं," तात्या म्हणाले, "असल्या हाटेलात पाय कशाला ठिवतोय! पन कॅप्टन हितं दारात आडवा आला. म्हनला, तात्या, एकादशीला आपल्याकडं वैनी थाळी असती. खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. लसूण-कांदा त्या बाजूला फिरकत न्हाई. खिचडीला ताकाचा हबका मारल्याला. तसली खिचडी म्या उभ्या जल्मात खाल्ली न्हवती. आज खाल्ली ती तीच!"

ताकाचा हबका! तो माझ्या आईचा, अहो! तो मी शेजारणीलासुद्धा सांगितलेला नाही!

आणि मग मला एकेक आठवायला लागलं. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून तुम्ही विचारायचात, "साबुदाणा भिजवताना पाणी किती गं ठेवतेस?" "कूट असं भरड का?" "ताक कधी शिंपडतेस, वाफ येण्याआधी की नंतर?" मी म्हणायची, तुम्हाला कशाला हव्यात चौकशा? तुम्ही म्हणायचात, "सहज." सहज! मला वाटायचं, बायकोचं किती कौतुक आहे या माणसाला. मैत्रिणींना सांगायची मी ते!

"माझी खिचडी त्या मटणाच्या चुलीवर?" मी तात्यांना विचारलं. माझा आवाज आतल्या बायकांनाही गेला असणार.

"छ्या छ्या! मागल्या व्हरांड्यात येगळी शेगडी, येगळी कढई. मटनाच्या वस्तादाला जवळ येऊ देत न्हवता. कॅप्टन सोता करायचा. आधी नळावर आंगूळ, मग वल्या पंच्यानिशी खिचडी, मग कोट."

म्हणजे एकादशीला तुम्ही घरून अंघोळ करून जायचात, तिथं पुन्हा अंघोळ, आणि परत आल्यावर माझी बादली! अहो, माशाने तरी एवढं पाणी बघितलं असेल का? आणि एकदा तरी म्हणायचं होतं, की आज झालीय माझी!

"आन् खपायची बी लई," तात्या सांगत होते. "पिनारे बी तीच मागायचे. एकादशीला मटान कसं खायाचं म्हनं! बाटली चालती, मटान न्हाई."

ऐकलंत? तीस वर्षं मी ज्या दारुड्यांच्या नावाने बोटं मोडली, ते माझी उपवासाची खिचडी चाखत दारू पीत होते! आता हे पाप की पुण्य, ते मी कुठल्या खात्यात मांडू? बुवांना विचारायची सोय नाही. ते पुन्हा तोंड पुसतील.

"मला कधी बोलले कसे नाहीत हो?"

"म्या बी विचारलं व्हतं. म्हनला, घरी कळलं तर कृती बंद हुईल."

बरोबर ओळखलं होतंत. झालीच असती.

"पन हाक लई झ्याक मारायचा," तात्या उठून उभे राहिले. काठी बगलेत धरली, एक हात पाठीमागं घेतला, छाती काढली आणि मान अशी किंचित तिरकी केली. "असा दारात उभा ऱ्हायचा, त्या कोटात, आन् मागं आवाज टाकायचा, 'दोन वैनी! एक वैनी, चटणी कमी!'"

दोन वैनी! मी एकटी घरात जात्यासारखी फिरतेय आणि तिकडं माझ्या हाका! घरात तुम्ही मला जन्मभर 'अगं' शिवाय बोलावलं नाहीत, आणि तिथं हॉलभर, माणसं वळून बघतील अशा आवाजात...

कोटातले तुम्ही कसे दिसायचात, ते मला काल एका म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर दिसलं. बरे दिसायचात हो. मान तिरकी करायची ती सवय मला ठाऊक आहे. लग्नाच्या फोटोतही तशीच आहे.

तात्या पुन्हा बसले आणि बाकावर हात फिरवायला लागले. "ह्यो हितं कसा आला?" म्हणाले.

"काय?"

"ह्यो उंबरा. हाटेलाचा. ह्या पितळी फुल्या बगा की. गर्दी असली का आमी ह्याच्यावरच टेकायचो."

मी खिडकीकडे वळून ओरडले, "मृणाल! हा बाक कुठला गं?"

"तो होय काकू? मेन डोअरचा उंबरा आहे तो. व्हीलचेअरसाठी रॅम्प करायचा होता ना, म्हणून काढला. इतकं भारी सागवान, फेकवेना. मग पाय लावून बाक केला. मस्त आयडिया ना?"

मस्त! मी खाली बघितलं. इतके गुरुवार मी शपथ पाळायला म्हणून त्या उंबऱ्यावर चढून मांडी घालून बसले होते. एक पाय नव्हे, दोन्ही पाय! आणि तेही तुमचा कोट अंथरून.

अहो, खरं सांगा, हे तुम्हीच घडवून आणलंत ना? "आत नको येऊस, बाहेरूनच बघ" म्हणणारे तुम्ही. मी येईना म्हटल्यावर उंबराच बाहेर पाठवलात?

मी कोट उचलला, झटकला, आणि हातावर घेतला. तात्यांना म्हटलं, "डबा संपवा, मग आत या." आणि गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्या दाराकडे बघितलं, तर तिथं ओलांडायला काही नव्हतंच. नुसता गुळगुळीत चढ. लहान पोरसुद्धा धावत जाईल असा.

आत सगळ्या बायका उभ्या राहिल्या. शकुंतला म्हणाली, "अगंबाई! आणि शपथ?"

"मांडीखाली गेली," मी म्हटलं. "पेटी घे."

मृणालने माझं नाव लिहिलं आणि झुंबाच्या बाईंना फोन करायला गेली.

परमिट रूम तशी चांगली आहे हो. उजेड भरपूर. बाटल्यांच्या फळ्यांवर आता तबले-ढोलक्या ठेवतात. पलीकडच्या कक्षात भीमगीतांची मंडळी बसतात, त्यांची ढोलकी इतकी पक्की आहे, की आमच्या बायका त्या तालावर मागं-पुढं होत नाहीत. मी तुमचा कोट काउंटरवर ठेवला, बटणं वर करून. मग टाळ घेतले.

अभंग उचलणार, तेवढ्यात दारात तात्या. त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, तोच हात मागं घेतला, तीच मान केली आणि दिली हाक,

"एक वैनी! चटणी कमी!"

बायका हसल्या. कुणीतरी 'ओ' द्यायला हवी होती. मला जमलं नाही. मी आपली टाळांची दोरी सोडून पुन्हा बांधत बसले. मग अभंग शकुंतलाने उचलला. मी दुसऱ्या चरणाला आले.

परत आल्यावर मागच्या दारी गेले आणि ती बादली उलटी करून ठेवली. आता त्यात कपडे भिजवीन. चांगली आहे अजून.

आता एक कबूल करते. पुढच्या एकादशीला मागच्या व्हरांड्यात शेगडी लावायची. मृणालला विचारलंय. ती म्हणाली, "वॉव काकू, फूड हेरिटेज!" म्हणजे चालेल. दाणे मी घरून भाजून नेईन, तिकडचे महाग पडतात. मोराकडे बघून जे कुणी चुकून आत येईल, त्याला पाटी ऐतिहासिक आहे असं सांगून परत पाठवणार नाही. तात्या येणार आहेत. येताना रताळी आणतो म्हणालेत.

आणि तुम्हीही हाक मारा. हॉलच्या दारातून, त्या कोटातून, जशी मारायचात तशी. इतकी वर्षं तुमच्या हाकेला आतून थाळी यायची, पण वैनी कधी आली नाही. आता मी तिथं असेन, शेगडीपाशीच. पहिल्या हाकेला 'ओ' देईन.

फक्त 'दोन वैनी' म्हणू नका. एकच आहे.

तुमची,
सुमन